धुराची रुची आणि रुचीचा विवेक

एखादे सुख सूक्ष्म झाले, संस्कारित झाले, त्याची पारख करावयास अभ्यास लागू लागला, म्हणजे ते आपोआप निर्दोष होते काय? प्रश्न जुना आहे. मद्याच्या संबंधाने तो वारंवार विचारला गेला आहे आणि गायनाच्या बैठकींविषयीही आपल्याकडे एके काळी विचारला जात असे. परंतु मोठ्या विषयात शिरले की धर्म, कायदा आणि रूढी यांचा गलबला सुरू होतो आणि मूळ मुद्दा त्यात हरवून जातो. म्हणून या प्रश्नाच्या विचारासाठी मी मुद्दाम एक लहानसे आणि वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल असे उदाहरण घेतो. ते म्हणजे पाइपमध्ये भरून ओढण्याच्या तंबाखूचे एक विशिष्ट मिश्रण, ज्याला धुरीचा केवळ पुसट स्पर्श झालेला असतो. मी स्वतः धूम्रपान करीत नाही, त्यामुळे या विषयात माझा स्वार्थ नाही. पण या मिश्रणाचा वास माझ्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि त्याविषयी जाणत्यांनी केलेले वर्णनही मी पुष्कळ ऐकले व वाचले आहे.

इंग्रजी पद्धतीचे मिश्रण म्हणून जे ओळखले जाते, त्यात बहुधा तीन प्रकारची पाने असतात. पहिली व्हर्जिनिया. ही पाने बंद कोठारात, नळ्यांतून खेळविलेल्या उष्णतेवर सुकवितात आणि जळणाचा धूर त्यांस लागू नये अशी खबरदारी घेतात. त्यामुळे पानातील साखर टिकून राहते आणि तिच्या धुरास वाळल्या गवताची आठवण देणारा गोडसरपणा येतो. दुसरी पौर्वात्य; ग्रीस, तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशांतील लहान पानांची, उन्हात वाळविलेली. तिचा सुवास किंचित आंबूस आणि मसाल्याकडे झुकणारा असतो. तिसरी लताकिया. सीरियाच्या किनाऱ्यावर लताकिया नावाचे एक बंदर आहे. प्राचीन काळचे लाओदिकेआ ते हेच. त्या गावाचे नाव या तंबाखूस मिळाले. हिची पाने आधी उन्हात वाळवून मग कोठारात टांगतात व खाली मंद विस्तव ठेवून त्यांस कित्येक आठवडे धुरी देतात. त्या विस्तवात पाइन, ओक यांचे लाकूड तर असतेच. शिवाय मर्टलसारखी सुगंधी झुडपेही असतात, आणि सायप्रस बेटात तर आपल्याकडील औषधविक्रेते जिला रुमा मस्तकी म्हणतात तिच्या जातीचे झुडूपही जाळतात. या संस्काराने पान काळे पडते आणि त्यास विझत्या शेकोटीचा, कमावलेल्या चामड्याचा व काहीसा धूपाचा असा संमिश्र वास येतो. एकदा पीक इतके आले की शेतकऱ्यांनी उरलेली पाने घराच्या आढ्याला टांगून ठेवली, आणि हिवाळाभर चुलीच्या धुराने काळी पडलेली ती पाने ओढून पाहता चांगली निघाली, अशी या तंबाखूच्या जन्माची आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, भाकरीचा, भरताच्या वांग्याचा किंवा धुंगार दिलेल्या ताकाचा वास ज्यास ठाऊक आहे, त्यास ती असंभाव्य वाटणार नाही.

आता मुद्दा प्रमाणाचा. ज्यात लताकिया निम्म्याच्या आसपास घातलेली असते अशी भारी मिश्रणे आहेत. त्यांत धुराखेरीज दुसरे फारसे काही कळत नाही. याउलट आपण ज्याचा विचार करीत आहो त्या हलक्या मिश्रणात लताकियाचा अंश थोडकाच असतो. आल्फ्रेड डनहिल याने १९०७ साली लंडनमध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले. तेथे प्रत्येक गिऱ्हाइकास त्याच्या आवडीप्रमाणे पाने मिसळून देत आणि ते प्रमाण एका वहीत नोंदून ठेवीत. त्या पेढीच्या प्रसिद्ध मिश्रणांपैकी एकाचे नावच ‘अर्ली मॉर्निंग पाइप’, म्हणजे सकाळच्या पहिल्या प्रहरी ओढावयाचे, असे होते. जिभेला जड पडू नये म्हणून त्यात धुरी हलकी. डनहिलच्या नावाने निघणारी पाइपची तंबाखू २०१८ साली बंद झाली, आणि पुढे ही मिश्रणे पीटरसन या नावाखाली बाजारात आली.

या हलक्या धुरकटपणाचे वैशिष्ट्य कशात आहे? डबा उघडला की प्रथम धूरच भेटतो. परंतु पाइप पेटवून थोडा वेळ गेला म्हणजे तो मागे सरतो आणि व्हर्जिनियाची गोडी व पौर्वात्य पानाचा मसाला पुढे येतो. मग मध्येच एखाद्या झुरक्यात धूर पुन्हा डोकावतो आणि लगेच दिसेनासा होतो. लताकियास पाइप ओढणारे लोक चटणी-मसाल्याची उपमा देतात, म्हणजे जेवणात तिचे स्थान मुख्य अन्नाचे नव्हे. आपल्या साहित्यशास्त्रास ही उपमा परकी वाटणार नाही. नाना व्यंजनांच्या संयोगाने जशी अन्नास रुची येते तसा भावांच्या संयोगाने रस सिद्ध होतो, असे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात म्हटलेच आहे. परंतु मला याहून जवळचा वाटतो तो आनंदवर्धनाचा ध्वनिविचार. भारी मिश्रणात धूर उघड बोलतो. हलक्या मिश्रणात तो सूचित होतो. नैयायिकांचे प्रसिद्ध उदाहरण धुरावरून अग्नीच्या अनुमानाचे आहे. येथेही तेच घडते. फरक इतकाच की ज्या अग्नीचे अनुमान होते तो पाइपात नाही. तो दूर कोठल्या डोंगराच्या पायथ्याशी, एका कोठारात, पूर्वीच विझून गेला आहे. गेलेल्या अग्नीची ही खूण जितकी पुसट तितकी ती मनास अधिक चाळविते. लताकियाचे प्रमाण दुप्पट केले की ही सूचकता नाहीशी होते आणि नुसता धूर उरतो.

हे वर्णन वाचून कोणी म्हणेल की हा सारा कल्पनेचा खेळ आहे. तंबाखू ती तंबाखू, तिच्यात शेकोटी कोठली आणि चामडे कोठले? या आक्षेपास डेव्हिड ह्यूमने उत्तर देऊन ठेविले आहे. रुचीच्या प्रमाणाविषयीच्या त्याच्या १७५७ सालच्या निबंधात ‘डॉन क्विक्झोट’मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट येते. दोघांनी एका पिंपातील मद्य चाखले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम खरेच, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांची थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली सापडली! धुरी दिलेल्या तंबाखूच्या बाबतीत किल्ली शोधावयास रसायनशास्त्र पुढे येते. लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य जळताना ग्वायाकॉलसारखी फिनॉल जातीची द्रव्ये तयार होतात आणि ती पानात मुरतात. धुरकट वासाचे मूळ मुख्यतः तेथे आहे. सारांश, ज्यास धुराचा तो सूक्ष्म स्पर्श कळतो त्यास खरोखरीच असलेले काही तरी कळते. पारखी मनुष्याची पारख हे एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि ते मिळविण्यास अवधान, तुलना, स्मरण व संयम लागतो. हे मान्य न करणारा मनुष्य नीतिमान असू शकेल, पण तो प्रामाणिक टीकाकार होऊ शकणार नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने तिच्या वासाचीही मनसोक्त निंदा केली. त्यामुळे कोणा पाइप ओढणाराचे मन पालटले असेल असे वाटत नाही. जो सुगंध मनुष्यास प्रत्यक्ष अनुभवास येतो त्यास दुर्गंध म्हणणाऱ्या उपदेशकाचे पुढचे खरे बोलणेही तो ऐकत नाही.

येथपर्यंत रुचीची बाजू झाली. पण खरी अडचण याच्यापुढे आहे.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली उपयुक्ततावादाचे विवेचन करताना सुखांत उच्च व नीच असा गुणभेद मानला आणि तो ठरविण्याचा अधिकार दोन्ही प्रकारच्या सुखांचा अनुभव असलेल्या मनुष्यास दिला. आपल्या मिश्रणास ही कसोटी लावू या. हलक्या धुराची थोरवी कोण सांगतो? अर्थात ज्याने अनेक मिश्रणे वर्षानुवर्षे ओढली आहेत तो. परंतु इतकी वर्षे ओढल्यानंतर त्याच्या शरीरास निकोटीनची गरज उत्पन्न झालेली असते. न्यायासनावर बसलेला हा पंच वादीच्या घरचा मिंधा आहे! तो खोटे बोलतो असे नाही. पण त्याच्या आनंदापैकी किती भाग धुराच्या सुवासाचा आणि किती भाग गरज भागल्याचा, हे त्याला स्वतःलाच वेगळे करून सांगता येत नाही.

हा भेद प्लेटोने फार पूर्वी केला आहे. ‘फिलीबस’ या संवादात त्याने शुद्ध सुखे आणि मिश्र सुखे यांची वर्गवारी केली. खाज सुटली असता खाजविण्याचे सुख मिश्र, कारण त्याच्या पोटी आधीचे दुःख आहे. शुद्ध सुखाच्या आधी अशी टोचणी नसते. ते मिळाले तर आनंद होतो, न मिळाले तर उणीव भासत नाही. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, शुद्ध सुखांच्या यादीत प्लेटोने रंग, आकृती व नाद यांबरोबर सुगंधही घातला आहे. इतरांहून थोडा कमी दिव्य, पण शुद्ध. या दृष्टीने पाहता आपले मिश्रण दुहेरी निघते. लताकियाच्या धुराचा सुगंध स्वतःपुरता शुद्ध सुखाच्या कोटीतला आहे. अगरबत्तीच्या वासासाठी कोणी रात्री कासावीस होत नाही, तसेच याचे. पण तो सुगंध ज्या पानावर स्वार होऊन येतो त्या पानात निकोटीन आहे, आणि निकोटीनचे सुख तर प्लेटोच्या खाजेचे शुद्ध उदाहरण होय. ते आधी उणीव निर्माण करते आणि मग ती भरून काढल्याबद्दल आभार मागते. पाइप ओढणारे आपल्या छंदाची स्तुती करताना सुगंधाविषयी बोलतात. पाइप सुटत नाही ती दुसऱ्याच कारणासाठी.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी तीस वर्षे पाइप ओढली. तोंडात एक पांढरा चट्टा दिसल्यावर डॉक्टरांनी निक्षून सांगितले आणि त्यांनी ती सोडली. पहिले काही महिने अत्यंत कष्टाचे गेले. आता या गोष्टीस बरीच वर्षे झाली. त्यांच्या कपाटात अजून हलक्या धुराच्या मिश्रणाचा एक डबा आहे. ते कधीमधी तो उघडतात, वास घेतात आणि बंद करून ठेवतात. एकदा मी त्यांस विचारले, “पुन्हा ओढावेसे वाटत नाही का?” ते म्हणाले, “पूर्वी वास घेतला की ओढावेसे वाटे. आता वास घेतला की वासच येतो. खरे सांगायचे तर इतका चांगला तो पूर्वी कधी आलाच नव्हता.” प्लेटोने हे उत्तर ऐकले असते तर त्यास संतोष झाला असता. माझ्या मते या एका वाक्यात प्रस्तुत प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. रुची आणि व्यसन ही एकाच डब्यात राहतात म्हणून ती एकच आहेत असे नव्हे. आणि त्यांची फारकत झाली तर तोटा रुचीचा होत नाही.

उरलेले अर्धे उत्तर इतरांच्या संबंधाने आहे. तंबाखूचे अनर्थ आता वादग्रस्त राहिलेले नाहीत. डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ सालच्या अहवालाने पाइप व ओठाचा कर्करोग यांचे नाते सांगितले. आणि पुढील संशोधनाने तोंड, घसा व फुप्फुस हीही त्या यादीत आली. पाइपचा धूर छातीत ओढीत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूत टिकली नाही. परंतु हानीचा हिशेब ओढणाराच्या शरीरापाशी संपत नाही. लताकियाचा धूर ओढणारास धूपासारखा वाटतो. शेजारी बसलेल्यास तो बहुधा जळक्या चिंध्यांसारखा वाटतो, हे कोणत्याही पाइपवाल्याच्या घरी विचारून पाहावे. आपले साहित्यशास्त्र रसास्वादात साधारणीकरण मानते, म्हणजे जो आस्वाद एकाचा तोच सर्व सहृदयांचा होतो. येथे धूर तेवढा सर्वांचा होतो, रस एकट्याचाच राहतो. पत्नीने व मुलांनी ज्याचा फक्त उपद्रव सोसावा अशा आनंदास कलेच्या पंक्तीस बसविताना निदान थोडा संकोच वाटावयास हवा.

त्याहून दूरचाही एक हिशेब आहे. त्या सुगंधी धुरासाठी सीरियात डोंगरावरील झाडे-झुडपे जाळली गेली. जंगलाचा नाश होऊ लागल्यावर तेथील धुरीच्या धंद्यास आळा घालावा लागला आणि लताकिया हे नाव ज्या गावाचे, त्या गावापेक्षा सायप्रसमध्येच ती अधिक तयार होऊ लागली. गेलेल्या अग्नीची पुसट खूण मनास चाळविते, असे मी वर म्हटले. तो अग्नी कशाचा होता हे जाणून घेणे हाही रसिकतेचाच भाग मानला पाहिजे. जे कोणी वासावरून सायप्रसची लताकिया आणि सीरियाची लताकिया ओळखतात त्यांची नाक ही इंद्रिये तरबेज आहेत यात शंका नाही. पण सीरियाची लताकिया दुर्मिळ का झाली हे ज्यास ठाऊक नाही त्याचे ज्ञान अपुरेच म्हणावयाचे.

आणि शेवटचा हिशेब आपल्या घरचा आहे. इंग्रजी शिकलेल्या वर्गाने पाइपला एक प्रतिष्ठा दिली. पुस्तकांची कपाटे, आरामखुर्ची, विचारमग्न चेहरा आणि तोंडात पाइप, या चित्राने कित्येक तरुणांस भुरळ घातली. जेम्स बॅरीने १८९० साली ‘माय लेडी निकोटीन’ नावाचे पुस्तक लिहून एका मिश्रणाचे गोडवे गायिले आणि वाचकांनी ते हसत-हसत वाचले. त्यात गैर असे काही कोणास वाटले नाही. परंतु हमालाच्या ओठातील विडी आणि कामकरी स्त्रीच्या दातांवरील मशेरी यांस आपण व्यसन म्हणतो, आणि प्राध्यापकाच्या पाइपास शौक म्हणतो! दोहोंतील विष एकच आहे. फरक आहे तो वर्णन करण्याच्या शब्दसंपत्तीत. गरिबाजवळ आपल्या सुखाचे समर्थन करावयास अलंकारशास्त्र नाही, एवढ्यानेच त्याचे सुख ओवळे आणि आपले सोवळे ठरत असेल, तर सुसंस्कृतपणाचा तो फार स्वस्त उपयोग झाला. किंबहुना सूक्ष्म रुचीचा खास धोका मला येथेच दिसतो. स्थूल व्यसनास निदान लपावयास जागा नसते. संस्कारित व्यसन मात्र ज्ञानाची वस्त्रे लेऊन दिवाणखान्यात बसते आणि त्यास उठ म्हणण्याचा घरात कोणास धीर होत नाही.

यावर एक रास्त शंका निघेल. असे असेल तर सर्वच सूक्ष्म सुखांकडे संशयाने पाहावे काय? चहाच्या पानांस पाइनची धुरी देऊन चीनमध्ये लाप्सांग सूचाँग नावाचा चहा करतात, तोही वर्ज्य? माझे म्हणणे तसे नाही. धुरकट सुगंध सुंदरच आहे, आणि ज्या अल्प प्रमाणात तो हलक्या मिश्रणात येतो त्या प्रमाणात मर्यादेचे एक शिक्षणही आहे. थोडेच घातले असता वस्तू अधिक बोलते, हा धडा लेखकासही उपयोगी पडेल आणि वक्त्यासही. तो धडा जेथून मिळेल तेथून घ्यावा. मात्र धडा मिळाला म्हणून गुरूचे सर्व अपराध माफ, असे होत नाही. पारख वस्तूतील गुण सांगते; ती वस्तू बाळगावी की टाकावी याचा निर्णय करावयास तिच्या गुणांबरोबर तिची किंमत, आणि ती किंमत कोण भरतो, हेही पाहावे लागते. ती चौकशी नाकाने किंवा जिभेने होत नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास माझे उत्तर असे: सुख सूक्ष्म झाल्याने ते अधिक मौल्यवान होऊ शकते, पण निर्दोष होत नाही. रुचीस खोटे ठरविणारा धर्मोपदेशक आणि रुचीस जामीन ठेवून व्यसन सोडवून नेणारा रसिक, दोघेही दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. ज्यास ही गल्लत टाळावयाची आहे त्याने आपल्या प्रत्येक आवडत्या सुखास दोन प्रश्न विचारावे. हे न मिळाले तर मला नुसते हुकल्यासारखे वाटेल की मी तळमळेन? आणि माझ्या या आनंदाचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? हलक्या धुराचे मिश्रण पहिल्या प्रश्नात अर्धेच उतरते आणि दुसऱ्यात मुळीच उतरत नाही. आपली इतर सुखे, ज्यांचा वास इतका उघड नसतो, ती किती उतरतात, हे प्रत्येकाने आपल्या घरी, दार लावून का होईना, तपासून पाहावे.